विश्लेषण : विम्बल्डन विजेत्या घडवणाऱ्या एलिनॉर ‘टीच’ टेनंट कोण होत्या? त्यांच्या शिकवण्यातले काय टिकले, काय वादग्रस्त ठरले?

सामना सुरू असताना प्रशिक्षकाने कोर्टबाहेरून खेळाडूला सूचना देणे १ जानेवारी २०२५ पासून टेनिसच्या नियमांत अधिकृतपणे बसले. त्याआधी काही वर्षे निरनिराळ्या स्पर्धांत याचे प्रयोग झाले. त्याही आधी प्रेक्षकांत बसलेल्या प्रशिक्षकाने नुसता हात हलवला, तरी पंच ताकीद देत. थोडक्यात, प्रशिक्षक हा आता खेळाचा मान्यताप्राप्त घटक आहे. त्याच्यासाठी परीक्षा आहेत, श्रेणी आहेत, ठरावीक काळाने उजळणीचे वर्ग आहेत. यातले जवळपास काहीच नव्हते, तेव्हा कॅलिफोर्नियात एक बाई तासाच्या दराने टेनिस शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालून ॲलिस मार्बल आणि मॉरीन कॉनोली अशा दोन विम्बल्डन विजेत्या बाहेर पडल्या. बॉबी रिग्ज या पुरुष विजेत्याच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. त्यांचे नाव एलिनॉर टेनंट. सगळे त्यांना ‘टीच’ म्हणत. त्यांनी काय साधले हे जितके पाहण्यासारखे आहे, तितकेच त्या कुठे चुकल्या हेही. प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की ही कहाणी म्हणूनच सांगावी लागते.

एलिनॉर टेनंट कोण होत्या?

जन्म १८९५ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. कॅलिफोर्नियात हवा वर्षभर चांगली असते आणि सिमेंटची सार्वजनिक कोर्टे बरीच होती. पूर्वेकडच्या हिरवळीच्या क्लबांत प्रवेश मिळण्यासाठी घराणे आणि पैसा लागे. इथे रॅकेट असली तरी पुरे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कितीतरी अमेरिकी विजेते या राज्यातून आले, त्याचे एक कारण हेच.

टेनंट स्वतः उत्तम खेळाडू होत्या. १९२० मध्ये अमेरिकेतील महिलांच्या क्रमवारीत त्या तिसऱ्या होत्या. त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत हेलन बेकर यांच्यासह त्यांनी महिला दुहेरीची अंतिम फेरी गाठली. मॅरियन झिंडरस्टीन आणि एलिनॉर गॉस या जोडीने त्यांना तीन सेटमध्ये हरवले. पहिला सेट १३-११ असा लांबला होता. खेळाडू म्हणून त्यांच्या कारकीर्दीचा हा कळस. नंतर त्यांनी शिकवण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि त्यांच्यासाठी एक दार कायमचे बंद झाले.

पैसे घेतले की काय व्हायचे?

त्या काळी टेनिस हौशी आणि व्यावसायिक अशा दोन जगांत विभागलेले होते. विम्बल्डन, अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धा, डेव्हिस चषक हे सारे हौशींसाठी. बक्षिसाची रक्कम नाही, फक्त चषक आणि प्रवासखर्च. कोणी प्रदर्शनीय सामन्याचे पैसे घेतले, किंवा क्लबात मुलांना शिकवून तासाचे दोन-चार डॉलर घेतले, तरी तो ‘व्यावसायिक’ ठरे आणि मोठ्या स्पर्धांतून बाद होई. ही भिंत १९६८ मध्ये पडली. म्हणजे शिकवण्याचा निर्णय हा खेळणे सोडण्याचाच निर्णय होता. आज एखादी खेळाडू तिशीत स्पर्धा खेळता खेळता मुलांना शिकवू लागते, ते तेव्हा शक्य नव्हते.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जे शिकवायला येत, त्यांना शिकवायचे कसे हे कोणी सांगितलेले नसे. चांगला खेळतो म्हणजे चांगला शिकवेल, हे गृहीत धरलेले. अमेरिकेतील शिकवणाऱ्या व्यावसायिकांची संघटना १९२७ च्या सुमारास उभी राहिली, पण सुरुवातीला तिचे स्वरूप परीक्षा घेणाऱ्या संस्थेपेक्षा धंद्यातल्या मंडळींनी एकत्र येण्याचेच अधिक होते. त्यात बाई असणे म्हणजे आणखी अवघड. क्लबचा ‘प्रो’ पुरुषच असणार, ही समजूत पक्की होती.

‘टीच’ हे नाव कसे पडले?

टेनंट यांनी लॉस एंजेलिस परिसरात बस्तान बसवले. बेव्हर्ली हिल्समध्ये त्या शिकवू लागल्या, तेव्हा हॉलीवूड भरात होते. नट-नट्यांच्या बंगल्यांत कोर्टे बांधली जात होती. टेनिस हा व्यायामही होता आणि प्रतिष्ठाही. क्लार्क गेबल, मार्लिन डिट्रिच, चार्ली चॅप्लिन अशी माणसे त्यांच्याकडे शिकली. अभिनेत्री कॅरोल लोम्बार्डही त्यांची शिष्या. ‘टीचर’चे ‘टीच’ तिनेच केले आणि ते आयुष्यभर चिकटले.

ही ग्लॅमरची गोष्ट वरवर गमतीची वाटते, पण टेनंट यांच्या धंद्याचा पाया तीच होती. नटांच्या शिकवण्यांतून आलेल्या पैशावर त्या होतकरू मुलींना शिकवत. हौशी मुलगी प्रशिक्षकाला फी देऊ शकत नसे, कारण तिला कमाईच नव्हती. प्रशिक्षकाला तिच्याकडून बक्षिसाचा वाटा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. क्लबच्या प्रोने एखादी विजेती घडवायची तर ती पदरमोड करूनच.

त्याच काळात त्यांनी आणखी एक कौशल्य कमावले. एका वेळी एकालाच शिकवण्याऐवजी शाळेच्या मैदानावर मुलांचा मोठा घोळका उभा करून, चेंडूशिवाय, नुसता फटक्याचा हात फिरवायला लावायचा. आज याला सामूहिक वर्ग म्हणतात आणि प्रत्येक प्रशिक्षणक्रमात त्यावर धडा असतो. तेव्हा तो प्रयोग होता.

मार्बलला घेऊन त्या दुसऱ्याच प्रशिक्षकाकडे का गेल्या?

टेनंट यांच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ॲलिस मार्बल १९१३ ची. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील सार्वजनिक कोर्टांवर वाढलेली. बेसबॉलवेडी, दणकट, प्रचंड जोर असलेली. १९३२ च्या सुमारास ती टेनंट यांच्याकडे आली. फी भरायला पैसे नव्हते, म्हणून ती त्यांची सेक्रेटरी झाली. पत्रव्यवहार, हिशेब, वेळापत्रक ती सांभाळी आणि त्याबदल्यात शिके. पुढे ती त्यांच्याच घरी राहू लागली.

मार्बलचा फोरहँड ‘वेस्टर्न’ पकडीचा होता. या पकडीत तळवा मुठीच्या खालच्या बाजूला जातो. सिमेंटच्या कोर्टवर चेंडू उंच उसळतो, तेव्हा ही पकड सोयीची. पण पूर्वेकडील स्पर्धा आणि विम्बल्डन हिरवळीवर. तिथे चेंडू खाली राहतो आणि घसरत येतो. वेस्टर्न पकडीने तो उचलणे अवघड, आणि जाळ्याजवळ व्हॉली मारायला ती जवळपास निरुपयोगी. मार्बलचा खेळ तर पुढे धावून व्हॉली मारण्याचा होता. म्हणजे पकड बदलायला हवी होती, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूची पकड बदलणे म्हणजे तिचा हात नव्याने घडवणे.

टेनंट यांना काय बिघडले आहे ते दिसत होते. ते मुळापासून दुरुस्त करण्याइतके फटक्याचे तंत्र आपल्याकडे नाही, हेही त्यांना कळत होते. म्हणून त्या मार्बलला घेऊन सांता बार्बराला हारवुड व्हाइट यांच्याकडे गेल्या. व्हाइट हे फटक्याची चिरफाड करून पाहणारे शिक्षक. पाऊल कुठे, खांदा कधी वळतो, रॅकेटचे तोंड कुठल्या कोनात चेंडूला लागते, असा त्यांचा विचार. त्यांनी मार्बलला ‘ईस्टर्न’ पकडीवर आणले. हातमिळवणी करावी तशी रॅकेट धरण्याची ही पकड. मधल्या काळात तिचा खेळ आधीपेक्षा वाईट झाला, हरायला नको तिथे ती हरली. हे असे होणारच होते. पण नंतरची मार्बल या बदलातूनच निर्माण झाली.

धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर टेनंट यांनी घेतलेली जोखीम लक्षात येते. आपली सर्वांत चांगली शिष्या दुसऱ्याच्या कोर्टवर नेऊन उभी करायची. ती तिथेच राहिली तर? त्यांनी तिला तिथे नेले आणि शेजारी उभ्या राहून स्वतःही शिकल्या. क्लबमधल्या शिकवणाऱ्याला हे फार जड जाते. आपल्याला येत नाही हे पालकांसमोर कबूल करणे म्हणजे फी घालवणे, अशी भीती असते. आपल्याकडेही ती आहे. दहा वर्षे एकाच कोर्टवर त्याच बादलीतले चेंडू त्याच पद्धतीने टाकणारे प्रशिक्षक कोणत्याही शहरात दिसतील.

१९३३ आणि १९३४ मध्ये काय घडले?

मार्बलच्या मार्गात दोन मोठे अडथळे आले. पहिला जुलै १९३३ मधला. न्यूयॉर्कजवळ ईस्ट हॅम्पटन येथील स्पर्धेत, उन्हाचा पारा शंभर फॅरेनहाइटच्या पुढे असताना, तिला एकाच दिवशी एकेरी आणि दुहेरीचे उपान्त्य व अंतिम सामने खेळायला लावले गेले. एकूण १०८ गेम. ब्रिटनविरुद्धच्या वाइटमन चषकासाठी संघनिवड डोक्यावर असल्याने नकार देणे सोपे नव्हते. दिवस संपला तेव्हा ती कोसळली. उष्माघाताचे निदान झाले. खेळाडू किती खेळू शकते हे ठरवणारे पदाधिकारी होते, प्रशिक्षक नव्हे, हे यातून दिसते.

दुसरा अडथळा मे १९३४ मध्ये, पॅरिसमध्ये. अमेरिकी संघाच्या फ्रान्सविरुद्धच्या लढतीत रोलाँ गॅरोच्या कोर्टवर ती बेशुद्ध पडली. क्षयाचे निदान झाले आणि पुन्हा खेळता येणार नाही असे सांगण्यात आले. अमेरिकेत परतल्यावर तिची रवानगी कॅलिफोर्नियातील आरोग्यधामात झाली. प्रतिजैविकांच्या आधीचा काळ. क्षयावर विश्रांती, दूध, अंडी आणि स्वच्छ हवा एवढाच इलाज. तिचे वजन वाढले आणि मन खचले. याच दिवसांत कॅरोल लोम्बार्डने तिला पत्र पाठवले. लोम्बार्डलाही मोटार अपघातानंतर कारकीर्द संपल्याचे सांगण्यात आले होते आणि ती त्यातून उठली होती. ओळख नसताना आलेल्या त्या पत्राने मार्बलला धीर आला.

टेनंट यांनी तिचा खर्च उचलला. काही महिन्यांनी तिला आरोग्यधामातून बाहेर आणले. नंतरचे वेळापत्रक रॅकेटचे नव्हतेच. आधी थोडे चालणे, मग थोडे अधिक चालणे, आहारावर नजर, वजन उतरवणे. चेंडू फार नंतर. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची कामे एकाच माणसाने अंदाजाने करायची, असा तो मामला. ते यशस्वी झाले म्हणून आज कौतुकाने सांगितले जाते. फसले असते तर टेनंट यांच्यावर मोठा ठपका आला असता.

(एक खुलासा. मार्बलच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात युद्धकाळात आपण हेरगिरी केल्याची सनसनाटी हकीकत आहे. तिला पुष्टी देणारा पुरावा मिळालेला नाही. म्हणून त्या पुस्तकातील नाट्यमय भाग इथे घेतलेला नाही.)

पुनरागमन कसे झाले?

१९३६ मध्ये मार्बल परत आली, तेव्हा तिची प्रकृती पाहता तिला राष्ट्रीय स्पर्धेत उतरू द्यावे की नाही, याबद्दल अमेरिकी संघटनेचे अधिकारी साशंक होते. तिने पुरुष खेळाडूंशी सराव सामने खेळून आपण तंदुरुस्त असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर फॉरेस्ट हिल्सच्या अंतिम सामन्यात तिची गाठ हेलन जेकब्जशी पडली. जेकब्ज सलग चार वर्षे विजेती होती. पहिला सेट गमावून मार्बलने ४-६, ६-३, ६-२ अशी बाजी मारली. पॅरिसमधल्या प्रसंगाला दोन वर्षे आणि काही महिने झाले होते.

त्यानंतर १९३८, १९३९ आणि १९४० मध्येही ती राष्ट्रीय विजेती ठरली. १९३९ च्या विम्बल्डनला तर तिने एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी असे तिन्ही किताब घेतले. उपान्त्य सामन्यात हिल्ड स्पर्लिंगला ६-०, ६-० आणि अंतिम सामन्यात के स्टॅमर्सला ६-२, ६-०. प्रत्येक सर्व्हिसमागे जाळ्याकडे धावणारी बाई तोवर प्रेक्षकांनी क्वचितच पाहिली होती.

त्याच वर्षी पुरुषांतही तिन्ही किताब एकाच खेळाडूने घेतले. तो बॉबी रिग्ज. मिश्र दुहेरीत मार्बलचा जोडीदारही तोच. भारतीय वाचकांसाठी एक नोंद : त्या स्पर्धेत घौस मोहम्मद हे विम्बल्डनच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांना रिग्जनेच सरळ सेटमध्ये हरवले.

पुरुषांचा विम्बल्डन विजेता घडवणारी पहिली महिला प्रशिक्षक, असे टेनंट यांचे वर्णन रिग्जमुळे केले जाते. ते थोडे सैल आहे. रिग्जला लहानपणी टेनिसचा पाया घालून दिला तो लॉस एंजेलिसच्या एस्थर बार्टोश यांनी. टेनंट नंतर आल्या. म्हणजे श्रेय वाटायचेच झाले तर ते दोन बायकांमध्ये वाटावे लागेल. हाच रिग्ज पुढे पंचावन्नाव्या वर्षी, १९७३ मध्ये, बायकांचे टेनिस पुरुषांच्या पासंगालाही पुरत नाही अशी फुशारकी मारत बिली जीन किंगसमोर उतरला आणि सरळ सेटमध्ये हरला. त्याला टेनिस कोणी शिकवले, याची आठवण त्या गदारोळात फारशा कोणाला झाली नाही.

१९४० च्या अखेरीस मार्बल व्यावसायिक झाली आणि डॉन बज, बिल टिल्डन, मेरी हार्डविक यांच्यासोबत प्रदर्शनीय दौऱ्यावर गेली. कालांतराने गुरू-शिष्येचे मार्ग वेगळे झाले.

मॉरीन कॉनोलीच्या बाबतीत काय घडले?

इथून गोष्ट वेगळ्या वळणावर जाते.

कॉनोली १९३४ साली सॅन दिएगोत जन्मली. तिला खरे वेड घोड्यांचे. पण घोडेस्वारीचे शिक्षण आईला परवडणारे नव्हते; घराजवळ महापालिकेची टेनिस कोर्टे होती. तिथले प्रशिक्षक विल्बर फॉल्सम यांनी या डावखुऱ्या मुलीला उजव्या हाताने खेळायला लावले. पाया त्यांनी घातला. काही वर्षांनी, वय अजून तेराच्या आतबाहेर असताना, ती टेनंट यांच्याकडे आली. शनिवार-रविवारी सॅन दिएगोहून लॉस एंजेलिस, आणि परत.

टेनंट आता पन्नाशी ओलांडलेल्या, नावाजलेल्या. या मुलीत काय आहे हे त्यांनी लगेच ओळखले. अचूक, खोल, जोरकस फटके. न थकणारी एकाग्रता. व्हॉली आणि सर्व्हिस बेताची. त्यांनी तिला मार्बल बनवण्याचा प्रयत्न केला नाही. हा एक चांगला निर्णय. बेसलाइनवरून खेळणाऱ्या मुलीला बेसलाइनवरच ठेवून तिचे फटके धारदार केले.

मात्र टेनंट यांनी तिच्या मनावरही काम केले. त्यांची धारणा अशी की, प्रतिस्पर्ध्याशी मैत्री असेल तर निर्णायक क्षणी हात आखडतो. म्हणून मैत्री नको, सोबत सराव नको, ड्रेसिंग रूममध्ये गप्पा नकोत. समोरच्या खेळाडूचा राग यायला हवा, आणि येत नसेल तर तो निर्माण करायला हवा.

याचे टोक १९५१ मध्ये गाठले गेले. अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत सोळा वर्षांच्या कॉनोलीसमोर होती डोरिस हार्ट, त्याच वर्षीची विम्बल्डन विजेती. हार्ट ही कॉनोलीची लहानपणापासूनची आवडती खेळाडू. सामन्यापूर्वी टेनंट यांनी कॉनोलीला सांगितले की, हार्ट तिला लाडावलेली कार्टी म्हणते. मुलगी पेटून कोर्टवर उतरली आणि दोन सेटमध्ये जिंकली. अंतिम सामन्यात शर्ली फ्रायला तीन सेटमध्ये हरवून ती विजेती झाली. हार्ट असे काही बोललीच नव्हती, हे कॉनोलीला नंतर कळले. दोघींची पुढे चांगली मैत्री झाली.

खोटे बोलून जिंकले. चषक मात्र खरा. प्रशिक्षकांच्या वर्गात चर्चेला घ्यावा असा हा प्रसंग आहे. टेनंट यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, किशोरवयीन खेळाडूच्या मनाशी कसे वागावे याचा कोणताही लिखित संकेत तेव्हा नव्हता. पण संकेत नसला तरी सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या आवडत्या व्यक्तीबद्दल खोटे सांगणे योग्य नाही, हे कळायला परीक्षा लागत नाही. कॉनोलीने नंतर आपल्या आत्मचरित्रात लिहिले, त्यातून त्या वर्षांचे चित्र उभे राहते ते आनंदाचे नाही. जिंकण्याच्या आनंदापेक्षा हरण्याचे भय आणि समोरच्याचा द्वेष हेच तिला कोर्टवर ढकलत होते.

१९५२ च्या विम्बल्डनला फूट का पडली?

निमित्त खांद्याचे झाले. विम्बल्डनच्या तोंडावर लंडनमध्ये कॉनोलीचा खांदा दुखू लागला. दुखापत गंभीर आहे, खेळू नकोस, असे टेनंट यांचे म्हणणे. दुसऱ्या वैद्यकीय मतानुसार ती तितकी गंभीर नव्हती. कॉनोलीला खेळायचे होते. सतरा वर्षांच्या या मुलीने स्वतः पत्रकारांना बोलावले आणि टेनंट यापुढे आपल्या वतीने बोलत नाहीत, असे जाहीर केले. ती खेळली, आणि अंतिम सामन्यात लुईस ब्रफला ७-५, ६-३ असे हरवून विजेती झाली. दोघींचे नाते तिथेच तुटले.

यात टेनंट यांच्यावर थोडा अन्यायही होतो, असे मला वाटते. खेळाडूच्या खांद्याची काळजी करून माघार घ्यायला सांगणारा प्रशिक्षक चुकीचा कसा? हा सल्ला मार्बलच्या आजारपणातून शिकलेल्या बाईचा होता. १९३३ च्या त्या १०८ गेमच्या दिवशी कोणीतरी असाच सल्ला द्यायला हवा होता. पण तोवर विश्वास उरला नव्हता. हार्टबद्दल खोटे सांगणाऱ्या बाई खांद्याबद्दल खरे सांगत असतील, हे मुलीने का मानावे?

पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे डेव्हिस चषक कर्णधार हॅरी हॉपमन यांचे मार्गदर्शन आणि त्यांच्या पत्नी नेल यांची सोबत घेऊन कॉनोलीने एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. हा पराक्रम करणारी ती पहिली महिला. त्या चार स्पर्धांत मिळून तिने एकच सेट गमावला. हॉपमन दाम्पत्याच्या सहवासात वातावरण मोकळे होते. प्रतिस्पर्ध्यांशी बोलायला बंदी नव्हती. द्वेषाशिवायही ती जिंकत होती, उलट अधिक जिंकत होती. टेनंट यांच्या सिद्धान्ताला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

जुलै १९५४ मध्ये, तिसरे विम्बल्डन जिंकून आल्यावर, सॅन दिएगोत घोड्यावरून फिरताना सिमेंटच्या ट्रकशी झालेल्या अपघातात तिचा पाय चिरडला. एकोणिसाव्या वर्षी कारकीर्द संपली. १९६९ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले.

आज प्रशिक्षकांना काय शिकवले जाते?

टेनंट यांनी जे अंदाजाने केले, ते आता अभ्यासक्रमात आले आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये डेनिस व्हॅन डर मीर यांनी शिकवणाऱ्यांसाठी प्रमाणित पद्धत आणि परीक्षा असलेली स्वतंत्र संस्था उभी केली. जुन्या संघटनेनेही प्रमाणपत्राच्या श्रेणी आणि सततच्या शिक्षणाची अट आणली. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम देशोदेशींच्या संघटनांमार्फत चालतात. भारतात अखिल भारतीय टेनिस संघटनेमार्फत. त्यात फटक्यांचे यंत्रशास्त्र आहे, वयानुसार चेंडू आणि कोर्टचा आकार आहे, सरावाचा भार किती असावा याचे गणित आहे.

सर्वांत मोठा फरक मात्र तंत्रात नाही. अल्पवयीन खेळाडूशी प्रशिक्षकाने कसे वागावे, यावरचे धडे आता अनेक देशांत सक्तीचे आहेत. अमेरिकेत २०१७ पासून यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. शिष्येला घरी ठेवून घेणे, तिचा सगळा खर्च स्वतः करणे, तिने कोणाशी बोलावे हे ठरवणे, तिला दुसऱ्याबद्दल खोटे सांगणे यांतली बहुतेक कृत्ये आज चौकशीचा विषय होतील. मार्बलला जगवणारी जवळीक आणि कॉनोलीला गुदमरवणारी जवळीक एकाच बाईंची होती, ही यातली अडचण आहे. नियम दोन्हींना एकाच रेषेने रोखतात, आणि बहुधा तसेच करावे लागते.

टेनंट यांच्यानंतर काय उरले?

त्यांचे चरित्र १९५३ मध्येच ब्रिटिश पत्रकार नॅन्सी स्पेन यांनी लिहिले. त्याच वर्षी कॉनोली त्यांच्याशिवाय चारही स्पर्धा जिंकत होती. टेनंट त्यानंतरही शिकवत राहिल्या. पण मार्बल किंवा कॉनोलीच्या तोडीची दुसरी शिष्या त्यांना मिळाली नाही. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मार्बलने जुलै १९५० मध्ये एका टेनिस मासिकात खुले पत्र लिहून कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सनला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश न देणाऱ्यांना जाब विचारला. त्याच वर्षी गिब्सनसाठी फॉरेस्ट हिल्सचे दार उघडले. कॉनोलीने मृत्यूच्या आदल्या वर्षी डलासमध्ये कनिष्ठ खेळाडूंसाठी प्रतिष्ठान सुरू केले. ते तिच्या नावाने पुढेही चालू राहिले.

आणि मार्बल शिकवतही होती. १९५९ मध्ये लाँग बीचहून पंधरा वर्षांची एक मुलगी शनिवार-रविवारी तिच्या टार्झाना येथील घरी शिकायला येऊ लागली. लाँग बीचच्या सार्वजनिक कोर्टांवर क्लाइड वॉकर नावाच्या वृद्ध प्रशिक्षकाने तिला मोफत शिकवून तयार केले होते. मार्बलने तिच्या व्हॉलीवर आणि सर्व्हिसवर मेहनत घेतली, आपल्या जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगितल्या. हे शिक्षण काही महिनेच चालले, गुरू-शिष्येचे बिनसले. मुलगी परत वॉकर यांच्याकडे गेली. तिचे नाव बिली जीन मॉफिट, लग्नानंतर किंग.